करंजाच्या पानावरचं डांबर

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. डोक्याला तेल थापलेलंय, बोटं चिकट झालीत, आतून 'जेवायला ये गं' अशा हाका चालू हायत, आणि मी ओसरीत भिंतीला टेकून दोन्ही अंगठ्यांनी टाईप करायलेय. कारण 'नंतर निवांत लिहू' म्हणलं की माझं ऱ्हातंच, कायमचं ऱ्हातं. चुका झाल्या तर समजून घ्या.

गोष्ट एका बुरशीची हाय. पळू नका! शाळेतल्या पावावरच्या बुरशीची नाही. ही पानावर ऱ्हाते. करंजाच्या पानावर. आणि ह्या बुरशीपायी आमच्या दारातला एक माणूस कायमचा उठून चाललता.

आमचं घर गेवराईत. हायवेपासून जरा आत, पण एवढं पण आत नाही की हॉर्न ऐकू येऊ नयेत. फाटकाला लागून करंजाचं झाड, आणि झाडाखाली चाचाचं गॅरेज. चाचा म्हणजे नात्यातला नाही, आमच्या गल्लीचा जुना मेकॅनिक. गॅरेज म्हणलं की शटर आणि बोर्ड डोळ्यासमोर आणू नका. वर चार पत्रे, खाली एक हवेचा कॉम्प्रेसर, पान्यांचा पेटारा, पंक्चर बघायला पाण्यानं भरलेलं घमेलं. बाकी सगळं झाडाचंच. सावली झाडाची, टायर अडकवायला फांदी झाडाची, गिऱ्हाईक टेकून बसतंय ते खोड झाडाचं.

जागा आमची. मोठे पप्पा, म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, कधीतरी चाचाला म्हणले, "टाक की इथंच, काय व्हतंय." एवढ्यावर गॅरेज सुरू झालं. मी जन्मले पण नव्हते. मोठे पप्पा आता नाहीत. घर मोठी आई चालवते, म्हणजे त्यांची बायको. माझे आई-पप्पा तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत, मग मी कुठली जाते.

आणि झाड? झाड मोठ्या आईचं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं ते हातभर रोप लावलं. शेळ्यांनी खाल्लं, परत फुटलं. नळाचं खोदकाम आलं तर ही रोपाशेजारी खुर्ची टाकून बसली, आणि नळ वाकडा गेला. आजही आमचा नळ तिथं वाकडाच हाय. ती 'झाड' म्हणत नाही, 'माझा करंज' म्हणते. माझ्या पप्पांना ती कधी 'माझा दीर' म्हणलेली मी ऐकलं नाही.

तिचं आणि चाचाचं रोज भांडण. म्हणजे खरंखुरं नाही हो. सकाळचा चहा ती फाटकावर ठेवणार आणि चाचा पहिला घोट घेऊन बोलणार,

"भाभी, साखर रुसली का आज?"

"साखर हाय भाऊ. तुमचीच जीभ पेट्रोलनं मेलीय."

"मग उद्या पेट्रोल टाकून द्या, लागलं तर गाडी बी धावंल."

"तुमची धावती का बगा आधी. दोन दिवस झाले, त्या मास्तरांची स्कूटर तशीच पडलीय."

हे असं माझ्या कानावर पडत पडत मी मोठी झाले. चाचानंच मला सायकल शिकवली, आणि पडले की रडायच्या आधी "काय नई झालं बेटा, रस्त्यालाच लागलं" म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे करते म्हणून बिचकू नका. लहानपणापासून तसंच हाय. कॉलेजात गेल्यावर 'तुम्ही' म्हणून बघितलं तर तो म्हणला, "कावून गं, काय चुकलं माझं?"

तर. मागच्या वर्षी गणपती उठले त्यानंतर. मोठ्या आईनं चादरी वाळत घातल्या. दोरीचं एक टोक झाडाला असतंय. दोरी आवळायला तिनं वर बघितलं आणि तशीच थांबली. मी दारातच होते, सुट्टीला आलेले. ती म्हणली, "ए पोरी, हिकडं ये. तुझे डोळे चांगले हायत. हे काय हाय बग."

पानांवर काळे ठिपके. साधे काळे नाहीत, चकचकीत काळे, जरा उंचावलेले, रस्ता करताना डांबराचे शिंतोडे उडतात ना, हुबेहूब तसे. एका पानावर एक, दुसऱ्यावर ढीगभर. मोठ्या आईनं पदराला थुंकी लावून पान घासलं. निघंना. नखानं खरवडलं. निघंना.

मग तिनं हळूच मान वळवली आणि चाचाच्या पत्र्याखाली बघितलं.

तिथं त्या महिन्यात एक जुनं डिझेल इंजिन आलेलं दुरुस्तीला. कुणाच्या तरी विहिरीवरचं. चाचा हँडल मारून ते चालू करायचा आणि काळ्या धुराचा लोट सरळ झाडात घुसायचा. आम्ही सगळे खोकायचो. म्हणजे बघा, पुरावा किती पक्का! वर काळं झाड, खाली काळा धूर, मधे ऑइलनं काळे हात घेऊन उभा असलेला माणूस. मला पण वाटलं, हो, हेच. खरं सांगते, मला तर शंका सुद्धा आली नाही.

"भाऊ," मोठी आई म्हणली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "माझा करंज मरायलाय. तुमच्या धुरानं. दिवाळीच्या आत दुसरीकडं बगा."

मला वाटलं आता चाचा काहीतरी फिरकी घेईल. तो उठला, पान हातात घेतलं, अंगठ्यानं घासलं, आणि म्हणला, "हां भाभी. ऑइलच दिसायलंय."

बास. एवढंच. दुसऱ्या दिवशी चहा फाटकावर आला, तो प्याला गेला, आणि साखरेबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता ह्यात चाचाची काय वाट लागणार होती ते सांगते. त्याचं वय झालंय. त्याची गिऱ्हाईकं म्हणजे आमच्या गल्लीची, शेजारच्या दोन गल्ल्यांची, आणि शाळेतली पोरं. हायवेला जागा मिळते, पण तिकडं नवीन पोरांची मोठी गॅरेजं, मशीनवर टायर काढणारी. तिथं चाचाच्या घमेल्यात कोण पंक्चर बघायला येणार? इथून उठला असता तर त्यानं गॅरेजच बंद केलं असतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या आईला पण. म्हणून तर ती रात्री जेवली नाही, आणि 'पोट बरं नाही' म्हणली. पण करंज मरतोय म्हणल्यावर ती तरी काय करणार?

पुढच्या शनिवारी मी परत घरी आले. मी बीडला बी.एस्सी.ला हाय, शनिवारी यष्टीनं येते, सोमवारी पहाटे जाते. फाटकातून आत शिरते तर काय, चाचा स्टुलावर चढलेला, एका हातात चिंधी, मनगटाला डबडं अडकवलेलं, आणि एकेक पान पुसायलाय. अगदी मन लावून. पान तळहातावर घ्यायचं, वरून पुसायचं, उलटं करायचं, खालून पुसायचं, सोडायचं, पुढचं पान.

"चाचा, काय करायलास?"

"साफ करायलोय बेटा. माझी घाण, मीच काढायला पायजे ना. जायच्या आधी झाड भाभीला चकाचक करून देतो."

"निघायलंय का?"

"हे ठिपके लई चिवट हायत. पण बाकी पान बघ कसं चमकायलंय!"

खरंच चमकत होतं. खालच्या सगळ्या फांद्या पॉलिश केल्यासारख्या. मला इतकं भरून आलं ना, मी पण एक चिंधी घेतली आणि बुडवणार तेवढ्यात वास आला.

"चाचा, हे काय हाय डबड्यात?"

"पेट्रोल." त्यानं असं सांगितलं जसं काही मी विचारलं की आंघोळ कशानं करतात. "ऑइल पाण्यानं निघतं का कधी? प्लग असू दे न्हाई तर कार्ब्युरेटर, पेट्रोलनं पुसलं की नवीन."

आता तुम्ही म्हणाल, तू वनस्पतिशास्त्र शिकतेस, तुला कळालं नाही? वास नाकात गेल्यावर हे काही बरं नाही असं वाटलं, एवढं नक्की. पण चाचा आयुष्यभर सगळं पेट्रोलनंच धुतो, हात सुद्धा. आणि तो इतका खूश होता. मी म्हणलं, बास कर आता, राहू दे. तो म्हणला, हां हां, एवढी एक फांदी. मी प्रॅक्टिकलला लागतील म्हणून वरच्या न पुसलेल्या फांदीची ठिपकेवाली चार पानं तोडली आणि वर्तमानपत्रात घालून बॅगेत टाकली. आमच्या मॅडमनी सांगितलेलं, प्रत्येकानं रोगट पानं घेऊन या. मला वाटलं, धुराचं पान पण चालेल की, प्रदूषणाचं म्हणून. चार वाक्यं जास्त लिहिता येतील.

मॅडमनी पान उजेडात धरलं आणि विचारलं, "कशाचं आहे?"

"करंजाचं, मॅडम. त्यावर ऑइल उडालंय. खाली गॅरेज हाय."

मॅडम हसल्या. कुचकट नाही, चांगल्या हसल्या. "खालच्या बाजूनं बघितलंस? ऑइल पानाच्या आरपार जाऊन दोन्ही बाजूंनी एकाच जागी उंचवटा करतं का?"

मी पान उलटं केलं. जिथं वर ठिपका तिथंच खाली ठिपका. एकही इकडंतिकडं नाही. मी इतक्या वेळा ती पानं बघितली होती, आणि हे बघितलं नव्हतं!

मग मॅडमनी ठिपक्याचा पातळ काप घ्यायला लावला. आमच्याकडं कापाला गाजराचा आधार घेतात. गाजराला चीर पाडायची, त्यात पानाचा तुकडा खुपसायचा आणि ब्लेडनं सपासप पातळ चकत्या. त्यातली सगळ्यात पातळ चकती काचेवर. माझ्या पहिल्या चकत्या तर कोशिंबीर करायच्या लायकीच्या होत्या. मग एक जमली. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि, अगं माय!

पानाच्या आत, काळ्या भिंतीच्या, मातीच्या सुरईसारख्या पोकळ्या. पोट मोठं, मान बारीक, तोंड पानाच्या बाहेर. आणि त्या सुरईत लांबट पिशव्या दाटीवाटीनं उभ्या, आणि प्रत्येक पिशवीत शेंगेत दाणे असावेत तसे आठ बीजाणू. मी आठ मोजले, दुसरी पिशवी, आठ. तिसरी, आठ. मी ओरडलेच, "मॅडम, ह्याच्यात तर गाव वसलंय!" मागच्या बाकावरची पोरं हसली, हसू दे.

मॅडम म्हणल्या, ही फायलॅकोरा. उष्ण मुलखातली बुरशी, डांबरी ठिपका म्हणतात हिच्या रोगाला, दिसतो तसंच नाव. पावसाळ्यात पानात शिरते, ठिपका करते, पानाबरोबर गळून पडते, आणि पुढच्या पावसात त्या गळालेल्या पानांतून परत वर जाते. फार कुणी हिच्याकडं बघत नाही, कारण ती कुणाचं फार वाईट करत नाही. झाड मरत नाही. करंज आपला दरवर्षी जुनी पानं टाकतो आणि नवी काढतो.

"आणि धूर?" मी विचारलं. "धुरानं येते का?"

"धुराचा काय संबंध?" मॅडम म्हणल्या.

मी तिथंच लॅबच्या बाहेर जिन्यात बसून घरी फोन लावला. मायक्रोस्कोपचा फोटो आधीच पाठवलेला.

"मोठी आई, बघितलं का?"

"बगितलं. वांग्याच्या बिया का?"

"अगं नाही! ती बुरशी हाय, आपल्या करंजावरची! ते ऑइल नाहीच! चाचानं काही केलं नाही!"

मग म्हणली, "तू ये अन् बग. त्यानं काय केलं न्हाई ते."

फोनवरच कळालं, पेट्रोलनं पुसलेली सगळी पानं करपली होती. ठिपके तसेच काळे आणि बाकी पान तपकिरी, चुरगळलेलं, कुणी खालून जाळ लावावा तसं. अख्खा खालचा घेर. मोठी आई म्हणली, आता दिवाळी पण नको, दसऱ्यालाच जाऊ देत. मी म्हणलं, चाचाकडं फोन दे. तिनं फाटकातून फोन दिला असावा, कारण मधे बराच वेळ नुसता हॉर्नचा आवाज.

"बोल बेटा."

"चाचा, ती बुरशी हाय. तुझं ऑइल नव्हतंच. कॉलेजात बघितलं मी, मशीनमधून."

"अस्सं?" तो म्हणला. "चांगलं झालं बेटा, तुला मार्क पडतील. पण आता काय. ठिपके बुरशीचे असतील, जाळलं तर मीच ना. मी स्वतःच्या हातानं, एकेक पान. भाभीचं झाड."

मला तेव्हा कळालं की आता भांडण ऑइलचं राहिलंच नव्हतं.

आणि मोठी आई तर बुरशी मानायलाच तयार नव्हती. मोबाईलवर काय, काहीही दावतेत, म्हणली. चंद्रावर पण माणूस दावला होता. मी डोक्याला हात लावला. तिला माझी सुरई नको होती, बीजाणू नको होते. तिला हाताला लागणारं काहीतरी पाहिजे होतं.

आता योगायोग बघा. धबधब्याला पाणी असेपर्यंत मोठी आई दरवर्षी एकदा कपिलधारला, बीडजवळच्या देवस्थानाला, जातेच. त्या वर्षी सोबत जाणारी माझी आई शेतात अडकलेली, म्हणून मोठी आई एकटीच बीडला आली आणि मला म्हणली, चल सोबत. मी गेले. दर्शन झालं, पाण्याचे तुषार अंगावर घेतले, माकडानं तिच्या हातातला नारळाचा तुकडा पळवला, तिनं माकडाला असं झापलं की माकड दोन पावलं मागं गेलं. हे सगळं झालं आणि आम्ही ओढ्याच्या कडेनं जरा खाली उतरून डबा उघडला. मी भाकरीचा घास तोंडात घातला, वर बघितलं, आणि घास तसाच.

करंज. आणि पानांवर डांबर!

मी काही बोलले नाही. नुसती एक डहाळी वाकवून तिच्या डोळ्यासमोर धरली. तिनं आधी मला बघितलं, मग पानाला. पदर घेतला, थुंकी लावली, घासलं. नखानं खरवडलं. मग पान उलटं केलं.

"वर रस्ता हाय," ती म्हणली. "गाड्या येत असत्यान."

"मोठी आई, रस्ता कुठं, आपण कुठं. धूर काय पायऱ्या उतरून दर्शनाला येतो का?"

"कुणी हितं चूल पेटवली असंल."

"चुलीनं एवढ्या उंच पानाच्या दोन्ही बाजूंनी ठिपके पाडले, आणि खालच्या गवताला काही केलं नाही?"

ती उठली. गुडघे दुखतात तिचे, तरी उठली, आणि ओढ्याच्या कडेनं पुढं गेली. पुढं अजून एक करंज होता, लहान. त्याला पण ठिपके. तिथं बराच वेळ ती उभी राहिली. मी मागून बघत होते. तिनं एक पान तोडलं, रुमालात गुंडाळलं आणि कमरेला खोचलं. परत येऊन बसली आणि भाकरी न खाता म्हणली,

"माझ्या कढीपत्त्याला तर लागणार न्हाई ना हे?"

"नाही. ह्या बुरशीला करंजच लागतो."

"आन् झाड?"

"मरत नाही. मॅडमनी सांगितलंय. पडलेली पानं गोळा करून लांब टाकायची, म्हणजे पुढच्या वर्षी कमी येते. बाकी काही करायचं नाही. पेट्रोल तर अजिबात नाही."

ती हसली नाही. मला वाटलेलं हसेल. "चल," म्हणली, "यष्टी गाठू."

येताना पूर्ण रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी मनात जुळवत होते, ही आता चाचाला काय म्हणेल. 'चुकलं माझं' असं वाक्य मी तिच्या तोंडून कधीच ऐकलेलं नाही, आणि ते ऐकायला मी इतकी उतावीळ झालते की गेवराईला उतरल्यावर रिक्षात तिच्या आधी जाऊन बसले.

फाटकाशी छोटा टेम्पो उभा. त्यात कॉम्प्रेसर चढलेला. पान्यांचा पेटारा चढलेला. घमेल्यातलं पाणी ओतून दिलेलं, जमीन ओली. चाचा दोरी बांधत होता. झाडाखालचे पत्रे काढले होते आणि तिथं इतका उजेड पडलेला की ते आमचं घरच वाटंना.

"भाभी, यायच्या आत जावं म्हणलं होतं," चाचा म्हणला. "उगं तुमच्या समोर नको."

मोठी आई रिक्षातून उतरली. पिशवी माझ्या हातात दिली. टेम्पोच्या मागं जाऊन उभी राहिली.

"कुणाला इचारून चाललाव?"

"तुमीच म्हणल्या ना. दसऱ्याला."

"दसरा झाला का?"

"न्हाई पण..."

"मग? लई घाई झालीय तुमाला?" तिनं कमरेचा रुमाल सोडला आणि ते पान त्याच्या हातावर ठेवलं. "हे बगा. हे कपिलधारचं. तिथं तर तुमी इंजिन चालू केलं न्हवतं ना?"

चाचानं पान उलटंसुलटं केलं. अंगठ्यानं घासलं. "सेम टू सेम," तो म्हणला.

"हां. सेम टू सेम."

मी श्वास धरून उभी. आता म्हणेल, आता म्हणेल. मोठ्या आईनं झाडाकडं बघितलं, त्या करपलेल्या खालच्या घेराकडं, आणि तिचा आवाज एकदम चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आन् हे कुणी केलं? हे तर कपिलधारला न्हाई झालेलं! माझ्या करंजाला पेट्रोल पाजायला काय तो मोटारसायकल हाय का? जाळून ठिवलं माझं झाड, आन् आता टेम्पोत बसून चाललाव? हे निस्तरायचं कुणी? मी? ह्या गुडघ्यांनी?"

टेम्पोवाल्यानं विडी विझवली.

"रोज पाणी घालायचं. पडलेलं पान न् पान गोळा करायचं, ती पोरगी सांगंल कसं ते. जवर हे झाड पयल्यासारखं होत न्हाई तवर हितून हलायचं न्हाई. सांगून ठिवते. उतरवा ते डबडं खाली."

'डबडं' म्हणजे कॉम्प्रेसर.

चाचानं मान खाली घातली, आणि मला वाटलं तो रडायला लागला. तो हसत होता. खांदे हालत होते नुसते. "जवर नीट होत न्हाई तवर ना, भाभी?"

"तवर."

"लई दिवस लागतील."

"लागू द्या."

टेम्पोवाला म्हणला, "चाचा, मग भाडं?" आणि दोघं एकदम त्याच्यावर ओरडले.

मी म्हणलं, झालं, 'चुकलं' काही ऐकायला मिळालं नाही. पण संध्याकाळी चहा गेला फाटकावर, आणि पहिला घोट घेऊन चाचा जोरात ओरडला, "भाभी! आज साखरेचं पोतंच फुटलं का?" मी स्वयंपाकघरात बघितलं तर ती तोंडाला पदर लावून उभी.

मग काय, चाचा रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी पानं गोळा करायचा. खराट्यानं नाही, वाकून वाकून, हातानं, पोत्यात. मी सांगितलेलं ना की पडलेल्या पानात बुरशी ऱ्हाते, तर तो एक पान सोडायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, चाचा हवा भरा, तर हा म्हणायचा, "थांब बे, पेशंटचं बघू दे आधी."

थंडी सरता सरता करंजानं राहिलेली सगळी पानं टाकली, करपलेली पण, ठिपक्याची पण. थोडे दिवस झाड अगदी उघडं. आणि मग पालवी! काय सांगू, कोवळी, पोपटी, आरशासारखी. एकाही पानावर काही नाही. झाड मुंडकं वर करून इतकं छान उभं राहिलं की रस्त्यानं जाणारे बघायचे. मी शनिवारी आले आणि आनंदानं नाचलेच.

चाचा मात्र नाचत नव्हता. तो झाडाकडं बघायचा आणि खाली मान घालायचा. एका सकाळी मोठी आई चहा घेऊन फाटकावर आली तेव्हा तो उठून उभा राहिला. मी तिथंच दात घासत होते.

"भाभी," तो म्हणला, "झाड तर नीट झालं."

मोठ्या आईनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. डोळ्यावर हात धरून, मान मागं टाकून, जसं काही मॅडमसारखं प्रत्येक पान तपासायलीय.

"कुठं नीट झालंय," ती म्हणली. "त्या पार शेंड्याला बगा. पिवळं हाय अजून."

चाचानं बघितलं. मी बघितलं, तोंडात ब्रश तसाच. शेंड्याला काहीही पिवळं नव्हतं. शेंडा तर सगळ्यात हिरवा होता.

"हां भाभी," चाचा म्हणला. "हाय खरं. बरंच पिवळं हाय."

"मग?"

"मग काय. पाणी घालतो."

आणि ह्या वर्षी पाऊस लागल्यावर काय झालं माहितीय? मी हॉस्टेलवर होते, चाचाचा फोन. तो कधी स्वतःहून फोन करत नाही. मी घाबरून उचलला, तर पलीकडून असा आनंदानं ओरडायलाय की मला कान लांब धरायला लागला. "बेटा! आली! आपली बुरशी आली! दोन ठिपके हायत, भाभीला पण दावले!" मागून मोठ्या आईचा आवाज येत होता, "तिला इचारा, पाणी वाढवायचं का?" पाण्याचा आणि बुरशीचा काही संबंध नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी म्हणलं, "हो, वाढवा. लई दिवस घालावं लागंल."

बघा, जेवण गार झालं सगळं. पण मला तुम्हाला विचारायचंच हाय. तुमच्या घरी असं कधी झालंय का, की एखाद्या साध्या ठिपक्यापायी, डागापायी, पानापायी जवळच्या माणसावर बोट गेलं, आणि नंतर त्याला थांबवायला कुणाला तरी असलं काहीतरी खोटं पिवळं शोधावं लागलं? झालं असेल तर सांगा ना. आणि दारात करंज असेल तर आधी जाऊन पान उलटं करून बघा, मला खरंच माहीत करून घ्यायचंय.